लाल मिक्सर उघडू नये

मी, भवानीबाई कोम खंडोजीराव निकम, राहणार अग्रहार, मैसूर, वय माझ्या वकीलबाई पावनीने आधार कार्डावरून उतरवून घ्यावे, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या माणसांचे काय करायचे ते आज लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, साखर वाढलेली आहे, डोके जागेवर आहे. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान जागेवर असल्याचा दाखला कोणी मागितला नाही, म्हणून तो मीच देते. माझ्यासमोर, माझ्यामागे आणि फोन बंद झाला असे समजून जे जे बोलले गेले, ते सगळे मला नीट ऐकू आले आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकायला माणसाला घरी यावे लागते, आणि माझ्याकडे कोणी येत नाही.

यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी केला आहे म्हणून दाखवले तर तो खोटा समजावा.

हा कागद मराठीत का, असे माझ्या वकीलबाई पावनी यांनी विचारले. "अज्जी, कोर्टात मराठी यारु ओदतारे? कोण वाचणार?" मी म्हटले, कोर्टासाठी तू कन्नडात उतरवून काढ. हा कागद माझी सून विभावरी वाचणार आहे. ती कोल्हापूरची, नोकरीसाठी इथे आली आणि माझ्या मुलाच्या गळ्यात माळ घालून राहिली. आमचे घराणे मैसूरच्या महाराजांच्या फौजेत शिपाईगिरी करायला आलेले, पिढ्यान्‌पिढ्या इथले मीठ खाल्लेले. आमच्या मराठीत कन्नड मुरायचेच. लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत विभावरी म्हणाली होती, "आईंचं मराठी म्हणजे बिसिबेळे भात आहे, काय काय घातलंय ते शेवटपर्यंत कळत नाही." सगळे हसले. मीही हसले आणि तिला वाढले.

म्हणून हा कागद मी तिच्या मराठीत सांगितला आणि पावनीने लिहून घेतला आहे. माझ्या तेराव्याला तिने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. एकही शब्द गाळू नये, एकही सुधारू नये. तिचा आवाज चांगला आहे, सवयही आहे.

कलम १. माझा देह. त्याचे जे करायचे ते शरत, माझा एकुलता एक मुलगा, करील. खर्च पोस्टातल्या शिल्लकीतून व्हावा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर शरतने हात जोडून वचने देत बसू नये. माझे अमुक राहिले होते, तमुक राहिले होते, ते करीन, असे काही म्हणू नये. त्याने फक्त "दसरा ऑफर बर्ली, नोडोणा" एवढेच म्हणावे. कावळ्याला अर्थ कळला नाही तरी मला कळेल.

कलम २. तलवार. यजमानांच्या आजोबांची तलवार माझी नात इरा हिला द्यावी. शरतला ती त्याच्या बोगादीच्या घरी काचेच्या कपाटात लावायची आहे, त्याने तिच्यासाठी दिवासुद्धा बसवून घेतला आहे. दिवा असू द्यावा.

कलम ३. यंत्रे. या कलमावर बाकी सगळे टेकलेले आहे, म्हणून ते लांब आहे.

माझ्या हॉलमध्ये आणि मागच्या पडवीत आजघडीला चार फ्रिज, एक जुना नळीचा टीव्ही, एक वॉशिंग मशीन, एक मायक्रोवेव्ह, दोन गीझर आणि एक मोठी लोखंडी पेटीभर मिक्सर, इस्त्र्या व चार्जर आहेत. यांतले एकही यंत्र मी विकत घेतलेले नाही. एकही चालत नाही. सगळी बोगादीहून आलेली आहेत.

ती कशी आली ते सांगते. आमच्याकडे आयुधपूजेला शस्त्रे पूजतात. शस्त्रे राहिली नाहीत तेव्हा शरत यंत्रे पूजू लागला, त्यात वावगे काही नाही, सगळे मैसूर पूजते. पण दसऱ्याला दुकानांतून ऑफर लागली की त्याच्या घरी नवे यंत्र यायचे, आणि जुन्याचे काय, हा प्रश्न पडायचा. शरत म्हणायचा, "पूजा केलेली वस्तू भंगारात घालू नये." विभावरी म्हणायची, "भंगारवाल्याला देणं पर्यावरणाला घातक असतं." दोघांचेही बरोबर. मग यंत्र कपाळावर कुंकू घेऊन टेम्पोतून माझ्या दारात उतरायचे. मी विचारायची, हे कशाला? शरत म्हणायचा, "इरली अम्मा." इरली म्हणजे असू दे, राहू दे. कन्नडात याहून स्वस्त शब्द नाही.

वॉशिंग मशीन आले तेव्हा विभावरी म्हणाली होती, "आई, तुमचे हात दुखतात ना?" ते सुरू केले की कपडे धुवायच्याऐवजी थरथरत चालू लागायचे आणि पार उंबऱ्यापर्यंत जायचे. हे घर सोडून जायची अक्कल त्याला होती.

टीव्हीत सगळी माणसे हिरवी दिसत. माझे यजमान खंडोजीराव शेवटच्या आजारात दिवसभर तोच बघत पडलेले असत. एकदा शरत आला, दारातूनच "कसे आहात अप्पा" म्हणाला आणि घड्याळ पाहू लागला. यजमानांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितले आणि मला म्हणाले, "ह्याचा रंग बरोबर दिसतोय गं. मग बिघडलंय काय?" 

आता गुजरीची गोष्ट. ती या कागदात यायलाच हवी, कारण तिच्यामुळे पुढचे सगळे झाले.

पडवीतल्या त्या लोखंडी पेटीत माझ्या सासूबाई पूर्वी दागिने ठेवत. विभावरीला हे माहीत होते. आता तीत मिक्सर भरलेले, हे तिला माहीत नव्हते, कारण आणून टाकायचे काम टेम्पोवाला करी. एक दिवस माझा जीव वैतागला आणि मी तिला फोन केला. म्हटले, "विभावरी, पेटीतलं सगळं एकदाचं गुजरीला घालायचं ठरवलंय. इतकं जड झालंय की माझ्यानं उचलत नाही. कुणीतरी या."

मैसूरला गुजरी म्हणजे भंगार. हातगाडीवाला "हळे पेपर, हळे कब्बिणा" ओरडत येतो तो गुजरीवाला. कोल्हापुरात गुजरी म्हणजे सराफांची गल्ली. हे मला त्या दिवशी कळले.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी ज्यांना बोगादीहून अग्रहारात यायला ट्रॅफिक आडवा आला होता, ते तिघेही माझा संध्याकाळचा चहा उकळेपर्यंत दारात. शरतच्या हातात मिठाई. विभावरीने वाकून नमस्कार केला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. दोन्ही गुडघ्यांची, वेगवेगळी. मग म्हणाली,

"आई, गुजरीत कुणी ओळखीचा आहे का तुमचा? घट किती धरतो?"

"घट कसली? तो किलोवर घेतो."

"किलोवर?" तिने शरतकडे पाहिले. शरत खुर्चीत बसता बसता उभा राहिला.

"मग? एवढं सगळं सुटं सुटं कोण मोजत बसणार?"

"आई, तुम्ही एकट्या जाऊ नका. फसवतील तुम्हाला. आम्ही कशाला आहोत?"

हे शेवटचे वाक्य मी जपून ठेवले आहे. शरतने पेटी ओढत हॉलमध्ये आणली, पाठीत उसण भरेपर्यंत ओढली, आणि झाकण उघडले. सगळ्यांत वर लाल मिक्सर होता, त्यांच्याच लग्नातल्या आहेराचा. त्याच्यावरचे कुंकू अजून लाल होते.

इरा इतकी हसली की खाली बसली. विभावरी हसली नाही. तिने मला कोल्हापूरची गुजरी समजावून सांगितली, जणू चूक कोल्हापूरची होती. आणि मग, चेहरा कुठेतरी ठेवायला हवा म्हणून, तिने मला व्याख्यान दिले. "पण आई, हे असं भंगारवाल्याला द्यायचंच नसतं. ते लोक टीव्हीची काच गटारात फोडतात, तांब्यासाठी वायरी जाळतात, फ्रिजमधला गॅस हवेत सोडतात. यंत्र न उघडता, अख्खंच्या अख्खं ई-कचरा केंद्रात द्यावं आणि पावती घ्यावी. प्रत्येकानं आपला कचरा स्वतः नेऊन द्यावा. जबाबदारी असते ती."

मी विचारले, केंद्र कुठे आहे?

"हिनकलला."

"तुमच्या गाडीला जागा आहे. घेऊन जा मग."

विभावरीने गाडीकडे पाहिले. गाडी नवीन होती. "इरली आई, बघू पुढच्या वेळी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने उचललेला एकुलता एक कन्नड शब्द.

ती बोलत असताना इरा पाणी शोधत फ्रिजकडे गेली. पहिला उघडला. त्यात माझ्या साड्या. दुसरा उघडला. त्यात तांदूळ. तिसऱ्यात यजमानांचे जुने जोडे. ती मागे वळली आणि म्हणाली, "अज्जी, तुझं इन्सुलिन एल्लि? कुठं ठेवतेस?"

शेजारच्या शकुंतलाबाईंकडे, मी म्हटले. रोज सकाळी आणि संध्याकाळी पायऱ्या उतरून जाते आणि टोचून येते.

इरा बापाकडे बघत राहिली. शरत फोनमध्ये बघत होता. "इरली, दसरा ऑफर बर्ली, नोडोणा," म्हणाला. असू दे, दसऱ्याची ऑफर येऊ दे, बघू.

दसरा आला, ऑफरही आली. नवा फ्रिज बोगादीला गेला आणि बोगादीचा जुना माझ्याकडे आला. हा चौथा. दार उघडले की आत दिवा लागतो, गार मात्र काही होत नाही. शरतने फोनवर विचारले, "दिवा लागतोय ना अम्मा? मग झालं." त्याच महिन्यात त्यांच्या कॉलनीच्या मंडळाने विभावरीला 'ई-कचरामुक्त घर' असे प्रशस्तिपत्र दिले. मी फोटो पाहिला. घर खरोखर रिकामे आणि सुरेख दिसते. त्या घराचा सगळा कचरा माझ्या हॉलमध्ये आहे. त्यात मीही आले. मलाही ते दसऱ्याला कुंकू लावतात, पाया पडतात आणि इथेच ठेवून जातात. हे मला फार लागले आहे. ते लागले नाही असे दाखवायचा आता कंटाळा आला.

पुढच्या उन्हाळ्यात शकुंतलाबाईंचा फ्रिज बंद पडला. नवा घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. माझे इन्सुलिन माठात ठेवायची वेळ आली. मी शरतला फोन केला. तो काय म्हणाला ते वाचणाऱ्याला पाठ झाले असेल.

तेव्हा मी माझ्या पाटल्या काढल्या आणि सराफाकडे जाऊन मोडल्या. माझे सोने विभावरीच्या अर्थाने गुजरीला जाऊन आले. त्यातून शकुंतलाबाईंना नवा फ्रिज घेऊन दिला. त्यांचा जुना आम्ही दोघींनी हिनकलच्या केंद्रात नेऊन दिला, टेम्पोत पुढे बसून, विभावरीने सांगितले होते तस्से. पावती घेतली. दोन म्हाताऱ्यांना जमले. स्वतःसाठी फ्रिज का घेतला नाही, असे शकुंतलाबाईंनी विचारले. मी म्हटले, ठेवू कुठे? आणि माझ्याकडे चालणारा फ्रिज आहे हे कळले असते, तर शरतने "एकट्या बाईला एवढा मोठा कशाला" म्हणून तो बोगादीला नेला असता आणि मला पाचवा पाठवला असता.

तेव्हा सर्वांनी नीट ऐकावे. माझ्याजवळ सोने नाही. घरात नाही, बँकेत नाही, यंत्रांत नाही. म्हातारी स्वतःच्या पाटल्या मोडून शेजारणीला फ्रिज घेईल यावर विभावरीचा विश्वास बसणार नाही, हे मी जाणून आहे.

लाल मिक्सर हलवला तर आत काहीतरी वाजते. ते तुटलेले पाते आहे.

हे वाक्य लिहून झाल्यावर पावनीने पेन खाली ठेवले. आवाज बारीक करून म्हणाली, "अज्जी, निजवागलू? खरंच पातंच आहे ना?" मी तिला चहा दिला.

कलम ४. अटी. वर सांगितलेली सर्व यंत्रे शरत आणि विभावरी यांनी माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या आयुधपूजेच्या आत हिनकलच्या अधिकृत ई-कचरा केंद्रात स्वतः नेऊन द्यावीत. टेम्पो करावा, पण दोघांनीही हात लावून उचलावे, आणि टेम्पोबरोबर जावे. गुजरीवाल्याला एक वायरही देऊ नये. कोणतेही यंत्र उघडू नये, स्क्रू ढिला करू नये, मागचे झाकण काढून 'सहज' पाहू नये. सगळे स्क्रू आणि झाकणे मी लाखेने बंद करून घेतली आहेत आणि पावनीकडे त्यांचे फोटो आहेत. यंत्रांवरचे कुंकू पुसू नये. केंद्रातल्या लोकांनाही कळू दे की ही घरंदाज यंत्रे आहेत. प्रत्येकाची पावती विभावरीच्या नावाने घ्यावी आणि ती 'ई-कचरामुक्त घर' या प्रशस्तिपत्राच्या शेजारी, तशाच चौकटीत लावावी.

या अटी जाचक आहेत असे कोणाला वाटले, तर त्या माझ्या नाहीत. विभावरीच्या आहेत. माझ्या हॉलमध्ये उभी राहून तिने जे सांगितले तेच मी लिहिले.

कलम ५. घर. अग्रहारातले हे घर यजमानांनी माझ्या नावे घेतले, पालिकेच्या दप्तरी खाते माझ्या नावे आहे, त्यावर शरतचा हक्क नाही. कलम ४ अक्षरशः पाळले गेले तर घर माझी नात इरा हिच्या मालकीचे होईल. त्या दिवशी पेटी पाहून ती हसली, आणि फ्रिज उघडून हसायची थांबली. इतरांना यातले एकही जमले नाही. तिला दुसरी पात्रता लागत नाही.

एकाही लाखेवर ओरखडा दिसला तर हे घर, मागच्या पडवीसकट, शकुंतलाबाईंना जाईल. त्यांना यातले काही ठाऊक नाही. त्या बिचाऱ्या आजही इन्सुलिनच्या बाटलीवर माझे नाव लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवतात.

म्हणजे शरत, तुझ्यापुढे गोष्ट सोपी आहे. तुझी आई सांगते आहे की मिक्सरात काही नाही. आयुष्यात एकदा तिच्या शब्दावर विश्वास ठेवलास, तर तुझ्या मुलीला घर मिळेल. विश्वास नसेल तर स्क्रू-ड्रायव्हर घे, उघड, आणि बघ. काही असले तर तुझे. मात्र न उघडता दिलेत, तर केंद्रात ते यंत्र भरडले जाईल त्या क्षणी तुझ्या बायकोचा चेहरा कसा होतो, ते मला बघायला मिळणार नाही, याचे मला फार वाईट वाटते. जन्मभर तिला तो आवाज ऐकू येत राहील आणि जन्मभर ती म्हणत राहील, पाते होते, पातेच असणार.

कलम ६. शकुंतलाबाईंच्या घरातला फ्रिज त्यांचा आहे. तो माझ्या पैशाने आला म्हणून त्यावर कोणी दावा सांगू नये. त्यातली माझी उरलेली इन्सुलिनची बाटली कचऱ्यात फेकू नये, दवाखान्यात परत द्यावी. सुया जाड डब्यात घालून, झाकण लावून द्याव्यात.

कलम ७. शेवटचे. शरत आणि विभावरी या दोघांना मी अगदीच रिकाम्या हाताने सोडत नाही. घर इराचे झाले तरी पुढे त्यांना त्यात राहण्याचा हक्क असेल. इरा शिकेल, कमावेल, नवे घर घेईल, नव्या वस्तू घेईल. त्या घरात या दोघांना ठेवायला जागा नाही असे तिला वाटले, तर तिने त्यांना इथे आणून सोडावे. हॉलमध्ये चार फ्रिजच्या पायांचे गंजलेले डाग फरशीवर पडले आहेत, ते घासूनही जात नाहीत. त्या डागांवर त्यांच्या खुर्च्या ठेवाव्यात. दसऱ्याला येऊन कुंकू लावावे, पाया पडावे. आम्हाला इथे किती दिवस ठेवणार, असे त्यांनी विचारले तर इराने काय उत्तर द्यावे ते मी लिहीत नाही. तिला शिकवायची गरज नाही, तो एक कन्नड शब्द ती बापाकडून शिकली आहे.

या कागदाच्या अंमलबजावणीसाठी मी पावनी यांना नेमते.

वरील सर्व मजकूर पावनीने मला पहिल्यापासून वाचून दाखवला. मी तो डोळे मिटून ऐकला, आणि तो माझाच आहे. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "अज्जी, फार कडू झालंय. सुनेचं आणि मुलाचं थोडं गाळू का?"

मी म्हटले, इरली.

सही: भवानीबाई कोम खंडोजीराव निकम

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सही केली, आणि ज्यांना या कागदातून काहीही मिळणार नाही:
१. प्रणेश, राहणार अग्रहार, मैसूर
२. ईश्वरी, राहणार अग्रहार, मैसूर

ठिकाण: अग्रहार, मैसूर, चौथ्या फ्रिजवर कागद ठेवून
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५, दसऱ्यानंतरचा सोमवार. ऑफर संपली.